अक्कांनी दुकान वाढवले

संध्याकाळी बाजारातून जाताना एखाद्या दुकानाचं शटर खाली आल्याचा आवाज ऐकला की ते प्रकरण मला जसंच्या तसं आठवतं, आणि निवृत्त झालो तरी चिडचिड होते. ज्याने तक्रार केली त्याच्यावर चिडतो, जिच्याविरुद्ध केली तिच्यावर चिडतो आणि घराच्या पायरीपर्यंत पोहोचेस्तोवर स्वतःवर. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक भिंत होती, चार ओळींचा कागद होता आणि त्या कागदात एक शब्द होता.

मी तेव्हा सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. पोलीस ठाण्यात दिवसभर गुन्हेगार येत असतात असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात येतात ते दुकानदार, भाडेकरू आणि शेजारी. याने माझ्या पायरीवर फलक ठेवला, त्याच्या पन्हाळीचं पाणी माझ्या मालावर पडतं, तिने सामाईक जिन्यात पिंपं लावली. या सगळ्यांना आम्ही एकच वाक्य ऐकवतो, 'ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.' ते वाक्य बोलून बोलून माझी जीभ झिजली होती.

त्या दिवशी आलेले गृहस्थ मात्र तयारीने आले होते. बाजारात त्यांचं कापडाचं जुनं दुकान. शिवाय एका गल्लीत त्यांच्या मालकीचे गाळे होते. ते पाडून तिथे मोठी इमारत बांधायची त्यांची इच्छा होती. बहुतेक भाडेकरू निघून गेले होते. जे राहिले होते त्यांत एक बाई होत्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

मालकांचा अर्ज असा होता : गाळ्याच्या मागे माझी खोली आहे. अक्कांनी मधली भिंत पाडून माझ्या खोलीतली तीन फूट जागा दुकानात घेतली. सोबत पडलेल्या भिंतीचे फोटो. आणि फोटोंच्या वर टाचणी लावून अक्कांच्या स्वतःच्या हातचा कागद. 'मालकांस, मंगळवारी दुपारी तुम्हाला न विचारता मी दुकान वाढवले. त्यामुळे भिंतीचे नुकसान झाले. चूक झाली. पुन्हा असे करणार नाही.' खाली सही.

मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने पक्कं बांधकाम केलं, जागा फोडली, तर त्याला बाहेर काढायला कायद्यात रस्ता आहे. मालकांना अक्कांना तुरुंगात घालायचं नव्हतं. त्यांना आमचा चौकशी अहवाल हवा होता. तो जोडून ते दावा लावणार होते. अक्कांचं दुकान गेलं असतं, आणि त्या दुकानावर त्या स्वतः आणि घरी भाकरी थापणाऱ्या दोन बाया जगत होत्या.

अर्ज चौकशीवर घेतला. उपनिरीक्षक जाऊन पंचनामा करून आला, अक्कांचा जबाब घेऊन आला. आसपासच्या दुकानांवर तीन कॅमेरे होते. एक बिघडलेला, एक आभाळाकडे बघणारा आणि तिसरा नुसताच डबा. चोर घाबरावा म्हणून बसवला, असं त्या दुकानदाराने मला अभिमानाने सांगितलं. अक्कांच्या जबाबात लिहिलं होतं, 'सदर कागद माझ्याच हस्ताक्षरातील असून दुकान मीच वाढवले आहे.' झालं. स्वतः लिहून दिलंय, वर जबाबात कबुली. अहवाल टाइप होऊन माझ्या टेबलावर सहीला आला.

सही करायला पेन उघडलं आणि शिपाई म्हणाला, शिंपी आलाय. आमच्या वर्द्या शिवणारा हा माणूस, अक्कांच्या दुकानासमोरच त्याचं मशीन. माझी पँट द्यायला आला होता. पँट कालच मिळाली होती, ही दुसरीच कुणाची तरी होती. शिपाई बाहेर जाईपर्यंत त्याने घडी नीट केली आणि मग हळूच बोलला.

"साहेब, त्या मंगळवारी अक्का हितं नव्हत्याच. जोंधळं घ्यायला मंगळवेढ्याला गेल्त्या. शटर खाली हुतं आन् हातोडा मागनं वाजत हुता."

"हे तू पंचनाम्याच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"मी बी त्याच मालकाचा भाडेकरू हाय की."

एवढं बोलून तो ती परकी पँट घेऊन निघून गेला. मी पंचनामा मागवला. म्हणजे माझ्याच टेबलावर होता, कागदांच्या खाली. दुसऱ्या पानावर उपनिरीक्षकाने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'विटा व राडारोडा दुकानाच्या आतील बाजूस, ज्वारीच्या पोत्यांवर पडलेला दिसला.' आता दुकानात उभं राहून भिंतीवर घाव घातले तर विटा पलीकडे जातील की आपल्याच पोत्यांवर येतील? हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही आणि ज्याच्या सहीला फाइल आली त्याने दुसरं पान उलटलं नाही. तो मी. सही करून मोकळा झालो असतो.

अक्कांना ठाण्यात बोलावलं. पन्नाशी ओलांडलेल्या, कपाळावर विभूती, हातात भाकरीचा डबा. ठाण्यात येताना कुणी भाकरी आणतं का? त्यांनी आणल्या होत्या.

"अक्का, हा कागद तुम्ही लिहिला?"

"व्हय की."

"दुकान तुम्हीच वाढवलं?"

"मीच की. दुसरं कोन वाढवनार?"

"किती वाजता?"

"एकच्या आत. मंगळवेढ्याची यष्टी धरायची हुती."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे भिंत पाडली, तीन फूट दुकान वाढवलं आणि एकच्या आत एसटी धरली?"

"भिंत? भिंतीचं मला काय इचारता? ती मालकानं मागनं पाडली. मी दुकान वाढवलं म्हन्तेय."

"अहो, मग वाढवलं ना?"

"वाढवलं की! रोजच वाढवते."

"रोज?" माझा आवाज बाहेर ठाणे अंमलदारापर्यंत गेला असणार.

"रोज सातला," अक्का म्हणाल्या. माझ्याकडे त्या अशा बघत होत्या की याला निरीक्षक कुणी केलं.

दारात उभे असलेले हवालदार भिंतीकडे तोंड करून हसत होते. अक्कलकोटकडचे, वडिलांचं किराणा दुकान. त्यांना म्हटलं, काय ते सांगा. "साहेब, दुकान वाढवलं म्हणजे शटर ओढलं. बंद केलं."

"असं बोलू नका ओ हवालदार," अक्का एकदम म्हणाल्या. "संध्याकाळच्या वक्ताला."

मला तो अर्थ माहीत नव्हता असं नाही. व्यापारी माणूस दुकान 'बंद केलं' म्हणत नाही, अशुभ वाटतं. तो 'वाढवलं' म्हणतो. आमच्या घरीसुद्धा बांगडी फुटत नसे, वाढत असे. पण माझ्या हातात पडलेल्या भिंतीचा फोटो होता, आणि तो हातात असताना त्या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्याला शिवलं नाही. मालकांनी फोटोंच्या वरच तो कागद का लावला होता ते तेव्हा कळलं.

मग सगळं बाहेर आलं. अक्का मंगळवेढ्याहून परतल्या तर भिंत पडलेली. मालक म्हणाले, मागे पाइप फुटला होता, गवंडी आला तर तुमचं दुकान बंद, मग मागून फोडावं लागलं, तुमच्यामुळे झालं. तुमच्या शब्दांत लिहून द्या, मी दुरुस्त करून देतो. राडा उचलू नका, गवंडीच उचलेल.

"आणि तुम्ही लिहून दिलंत? दुकान तुमचं, वेळ तुमची. माफी कसली मागितलीत?"

"मालक हायत. कागद मागितला, दिला."

मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे माणूस घोटभर पाणी द्यावं तसा सहीचा कागद देतो. भाजी घेताना चार वेळा उलटून बघेल, कागद एकदाही नाही.

गवंडी होटगीचा निघाला. त्याला शोधायला अर्धा दिवस गेला आणि तो भेटल्यावर दोन मिनिटांत बोलला. पाइप वगैरे काही नव्हता. मालकांनी खडूने तीन फूट आखून दिले होते आणि अक्कांना विचारलंय असं सांगितलं होतं. "मला वाटलं अक्काच जागा वाढवून घ्यायल्यात," तो म्हणाला. तो शब्द पुन्हा ऐकून मी हवालदारांकडे बघितलंच नाही.

मालकांना बोलावलं. गवंड्याचा जबाब समोर ठेवला तरी गृहस्थ हलले नाहीत. गवंड्याने पाइपसाठी लहानसं भोक पाडलं, म्हणाले, पुढची तोडफोड बाईंची. "त्यांनीच लिहून दिलं आहे, साहेब. दुकान वाढवले. मराठी सरळ आहे."

"या शब्दाचा दुसरा काही अर्थ होतो?"

"माझ्या तरी ऐकण्यात नाही."

मी तो प्रश्न आणि ते उत्तर जसंच्या तसं त्यांच्या जबाबात घेतलं. एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. दुकानातला नोकर असावा. मी म्हटलं, घ्या.

"हां, बोल," मालक म्हणाले. "नाही, मला वेळ आहे इथं. तुम्ही दुकान वाढवा आणि चावी घरी द्या."

फोन खिशात ठेवताना त्यांचा हात थांबला. हवालदारांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती फूट वाढवायला सांगितलंत, शेठ?"

त्यानंतर मालकांचा सूर बदलला. गैरसमज झाला, आपसांत मिटवू, भिंत आजच बांधून देतो. भिंत त्यांनी बांधून दिलीच. पण खोटी माहिती देऊन पोलिसांकडून कारवाई करवून घेण्याच्या प्रयत्नाबद्दल आम्ही त्यांच्याविरुद्ध पुढची कार्यवाही केली, आणि अक्कांवरचा दावा काही लागला नाही. दुकान राहिलं.

इथे हे प्रकरण संपलं असतं. पण पहिल्या जबाबातली ती कबुली खोडून काढायला अक्कांचा पुरवणी जबाब हवा होता. पहिला जबाब तसाच राहिला असता तर मालकांनी पुढेमागे तोच कागद काढून कोर्टात लावला असता. हा जबाब मी स्वतः लिहिला आणि झालेल्या शोभेने शहाणा झालो होतो म्हणून मोठ्याने वाचून दाखवला. 'त्या दिवशी दुपारी मी माझे दुकान बंद करून मंगळवेढा येथे गेले...'

"ब्याड," अक्का म्हणाल्या. नको. घाबरल्या की त्या कानडीत जायच्या. "हितं सही न्हाय करनार मी."

"का?"

"दुकान बंद केलं असं कसं लिवता? तेनी चालू केलेलं दुकान हाय." तेनी म्हणजे त्यांचे वारलेले यजमान.

मी समजावलं. ओरडलो. दिवस शटर आणि विटांमध्ये गेला होता, माझी सहनशक्ती संपली होती. "अक्का, मालकाच्या कागदावर सही केलीत. माझ्या उपनिरीक्षकाच्या जबाबावर केलीत. दोन्ही कागद तुमचं दुकान घालवणारे होते. आणि जो वाचवणार आहे त्यालाच नाही म्हणता?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मालकाचा घाईत लिवला. तुमच्या मानसाचा कुनी वाचून दावला हुता? ह्योच एक तुमी वाचला. म्हनून कळलं."

प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते. 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.' आमच्या हाताला ती इतकी सवयीची असते की आधीचा मजकूर संपायच्या आत पेन तिच्याकडे धावतं. मी अक्कांचा पहिला जबाब काढून बघितला. खाली ती ओळ होती. उपनिरीक्षकाची सही होती. अक्कांचीही होती. मी आयुष्यभर लोकांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून झापत आलो, आणि माझ्याच ठाण्यात त्या ओळीखाली सह्या घेतल्या जात होत्या.

मी लिहिलेला कागद फाडला. "मग काय लिहू?" असं हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, "शटर खाली ओढून कुलूप लावले, असं लिहा साहेब. त्याला कुणाची हरकत नसावी." तसं लिहिलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि 'वाचून दाखवला' या शब्दांशी मी पोहोचलो तेव्हा मान हलवली.

"आता खरं हाय," असं म्हणून त्यांनी सही केली. मग याही वेळी आणलेला भाकरीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, घड्याळाकडे बघितलं आणि घाईने उठल्या. सात वाजायला आले होते. त्यांना जाऊन दुकान वाढवायचं होतं.