कणकेच्या परातीतलं हिरवं पाणी

नातवंडांनो, काल फोनवर माझा आवाज का कापत होता, असं तुम्ही विचारलंत. तेव्हा बोलवेना, म्हणून आज लिहिते.

आजोबांनी अंगणात गाडीचं जुनं कूलंट बदललं. इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी त्यांनी काढलं कशात, तर माझ्या कणकेच्या परातीत! नवं भरून, इंजिन चालू ठेवून ते आत अडकलेली हवा निघायची वाट पाहत होते. गाडीच्या पाण्याच्या टाकीच्या उघड्या तोंडाशी एकेक बुडबुडा वर येऊन फुटत होता. मीही बघत राहिले. मागे वळले, तर तुमचा मोती परातीवर वाकलेला!

“अहो, कुत्रा!” मी किंचाळले आणि त्याला पट्ट्याने मागे ओढलं.

“अगं, गोड असतं ते, म्हणून आला असेल.”

“गोड विष आहे ते! आणि परात माझी!”

जन्मभर मला वाटायचं, विष कडू असतं, जिभेला लागताच कळतं. ते असं गोड असावं आणि माझ्याच परातीत असावं, हे अजून पटत नाही. मोतीचं तोंड उघडून नीट पाहिलं, एक थेंबही लागला नव्हता.

परात भंगारात गेली. मोती माझ्या पायाशी झोपला आहे.