टेबलभर मांडलेल्या मार्कशीट

रविवारची मिस्सा संपली की एक बाई आमच्या चर्चच्या हॉलमध्ये टेबल पुसून बसते. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. नाव मी कधी विचारलं नाही. शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांचे क्रेडिट, म्हणजे आधी पास केलेले विषय, पुढच्या प्रवेशासाठी जुळवून देते, एवढंच ठाऊक. आम्ही चर्चमधले बाकीचे नुसते सल्ले देतो.

त्या दिवशी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी आली. आईच्या आजारपणात मासळीबाजारातला तिचा धंदा सांभाळताना दोनदा कॉलेज सुटलेलं. तीन कॉलेजांच्या मार्कशीट तिनं पिशवीतून टेबलावर ओतल्या आणि हात मागे घेतले. कागदांना सुक्या बोंबलाचा वास होता.

"बाय, आता परत पयल्यापासून ना?"

का सोडलंस, असं बाईनं विचारलं नाही. एकेक कागद तळहातानं सपाट करून विषयवार मांडला. पास झालेल्या प्रत्येक विषयावर बोट टेकवत गेली. मी हॉलमधल्या खुर्च्या आवरत होतो, तो हातातली खुर्ची धरून तसाच उभा.

"नापास किती, ते मी मोजतच नाही," बाई म्हणाली. "केलेलं कुठे जात नाही, बाळा. चारच विषय राहिलेत."

मुलगी टेबलाकडे बघत राहिली. मग ओढणीला हात पुसून तिनं हलकेच एक मार्कशीट उचलली.