मोहाच्या लाडवाची लिंक दारूच्या पानावर

आमच्या अहेरीच्या बचत गटाचे मोहाचे लाडू चिमूरच्या मुलींच्या वसतिगृहात जातात. तिथल्या बाईंचा मेसेज आला, "तुमची वेबसाइट दारूवाल्याच्या पानावर काऊन दिसून राह्यली? मुलींच्या घरचे मले विचारून राह्यले."

गटात मोबाइलवरचं वाचणारी मीच, तेही चौथीपर्यंत शिकलेली. म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. वेबसाइट कोणाला सापडत नव्हती, तेव्हा आम्ही नागपूरचा एक माणूस कामाला लावला. तो दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपली लिंक लावणार, म्हणजे तिथून लोक आपल्याकडे येतील आणि शोधणाऱ्याला आपण वर दिसू. लिंक कुठे लावू, असं त्याने विचारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जिथी मोहाची गोष्ट आहे तिथी लाव म्हण." मी तसंच लिहून पाठवलं. आमच्या गावात दारू बायकांनीच बंद केली. आमच्यासाठी मोह म्हणजे लाडू, भाकर आणि तेल. बाहेरच्या लोकांना मोह म्हटलं की आधी काय आठवतं, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तो दर आठवड्याला यादी पाठवायचा आणि मी "बरं" लिहायची. एकही लिंक उघडून पाहिली नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे आमची पानं विकत घेतात तिथे, मुन्शी एकेक पुडा उलटून बघतो, तेव्हा आम्ही त्याच्यावर चिडतो. मी तेवढंही केलं नाही.

आता उघडल्या, तर एका पानावर नुसत्या बाटल्या. दुसऱ्यावर दारू गाळायची कशी ते शिकवलेलं, आणि त्याच्याखाली आमची लिंक.

नागपूरच्या त्या माणसाला दोन दिवस मेसेज केले. त्याच्याकडून नुसतं हात जोडल्याचं चित्र येत होतं. शेवटी फोन करावा लागला. एरवी अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे मी फोन दुसरीच्या हातात देते.

"ताई, तुम्हीच तर लिहिलं होतं, मोहाची गोष्ट."

"हो. पण बाटल्या पाहून तुमाले काईच वाटलं नाई का भाऊ?"

"मला वाटलं, तुमचा तोही धंदा असेल."

अध्यक्षबाई बाजूलाच होत्या. "त्याले म्हण, ये इकडे, दाखवतो तुले धंदा."

ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "सगळ्या काढा. आन् यापुढे पान आधी मले पाठवा. मी हो म्हटल्याशिवाय लावू नका."

त्याच्याने निघाल्या तेवढ्या काढल्या. तीन पानांचे मालक उत्तरच देत नाहीत म्हणे. चिमूरच्या बाईंना मी सगळं खरं लिहिलं, चुकीचा निरोप माझ्याच हातचा होता हेही. त्यांचं उत्तर आलं, "सगळ्या निघाल्या की सांगा. तोवर लाडू थांबवा."

मोहफुलं भाजून ठेवली आहेत. मी रोज ती तीन पानं उघडून बघते. आज सकाळी एका पानावरची लिंक निघाली होती, दोन पानं तशीच आहेत. त्या माणसाला पुन्हा फोन करावा लागेल. अध्यक्षबाई म्हणतात, "तूच कर, तुले आता जमते."