सरांची वही

सरांनी माझी फुलपुडी सोडली आणि कागदावर त्यांचंच अक्षर निघालं. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. त्यांच्या सुनेनं आदल्या दिवशी रद्दीत काढलेली जाड वही मीच घेतली होती. तिची पानं फाडून सकाळपासून गंगापूर रोडच्या पन्नास घरांत फुलं टाकून आले होते.

इंग्रजी, जर्मन, डच या बहिणी-बहिणी भाषा. त्यांत शब्दाच्या शेवटी एक तुकडा लागतो, आपल्या 'लहानपण'मधल्या 'पण'सारखा. तो कुठून आला, कुठे काय काम करतो, हे सर वीस वर्षं त्या वहीत लिहीत होते. दारात मलाही सांगायचे, "पूर्वी तो स्वतंत्र शब्द होता, मावशी. आता दुसऱ्याच्या पाठीला चिकटून राहतो."

"म्हणजे म्हातारा झाला," मी म्हणायचे. ते हसायचे.

त्या दिवशी ते चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले. प्रत्येक दारात म्हणाले, "फुलं राहू द्या, कागद तेवढा द्या." बरेच कागद केरात गेले होते. मिळाले त्यांची शाई ओल्या फुलांनी पसरली होती.

परतताना फाटकाशी थांबून म्हणाले, "सूनबाईला बोलू नका. तिच्या मनाला लागून राहील."

ते पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसले. गेले तेव्हा वही अर्धीच होती. सून मला म्हणाली, "बाबांचं कधी काही पुरं झालंच नाही."

ती सकाळ माहीत असलेली आता मी एकटीच आहे.