तापीचं ऑपरेशन

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, आणि गेल्या वर्षी जवळजवळ सहा महिने माझ्या घरात किती ससे आहेत, हे मला नक्की सांगता येत नव्हतं.

सुरुवात दोनपासून झाली. खापरच्या बाजारातून मुलीसाठी, म्हणजे सातवीतल्या ईश्वरीसाठी, मी दोन पांढरी पिल्लं आणली. विकणारा म्हणाला, दोन्ही माद्या आहेत. तेवढ्यावर विश्वास ठेवणारा मी नव्हे. कोरीटच्या घरी आल्यावर ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून मी दोघांची रीतसर तपासणी केली आणि निकाल दिला, "बरोबर. दोन्ही माद्या." ईश्वरीनं त्यांना नद्यांची नावं दिली. एक तापी, दुसरी गोमाई.

साडेतीन महिन्यांनी गोमाई स्वतःचे केस उपटून खोक्याच्या कोपऱ्यात रचायला लागली. मी खरजेचं निदान केलं. नंदुरबारहून मलम आणलं आणि दोन दिवस तिच्या पोटाला चोळलं. (ती हे सहन करत होती. गरोदर बाईला काय काय सहन करावं लागतं!) तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं खोक्यात डोकावून मला हाक मारली.

"सुभाष, इकडे ये. तुन्हा खरूजले पाय फुटनात."

सहा पिल्लं होती.

माझी बायको सुनंदा चहा गाळता गाळता म्हणाली, "म्हणजे तापी नर आहे."

"लहान वयात ओळखणं फार अवघड असतं," मी म्हणालो.

"विकणाऱ्याला जमलं नाही ते समजू शकते. तो बाजारात बसतो, कॉलेजात शिकवत नाही."

सशाची मादी ज्या दिवशी विते त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. हे पुस्तकात असतं. मी ते महिन्याभरानं, आणखी पाच पिल्लं झाल्यावर वाचलं. तोवर परसातली मेथी संपली होती, तुळशीला फक्त काड्या उरल्या होत्या आणि ससे मोजायला बसलं की मोजून झालेले पुन्हा न मोजलेल्यांत जाऊन मिसळत. आम्ही पिल्लं वाटायला काढली. पहिले चार नातेवाईक खूश झाले. नंतरचे यायचेच बंद झाले, कारण आमच्याकडून निघताना आई हातात पिशवी द्यायची आणि ती पिशवी हलायची.

शेवटी खच्ची करायचा विषय आईनंच काढला. "बैलनं करतस ना? मंग यानं कसाले नई?"

मी तापीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी तापीकडे पाहिलं, मग खिळ्याला अडकवलेल्या, बैल खच्ची करायच्या हातभर चिमट्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तापीनंही पाहिलं असावं, कारण तो माझ्या शर्टात शिरला.

"सर, हे माझ्या मापाचं काम नाही," डॉक्टर म्हणाले. "सुरतला न्या. तिकडे कुत्र्या-मांजरांचे, सशांचे डॉक्टर असतात."

म्हणून मी एक दिवसाची रजा काढली आणि टोपलीवर टॉवेल बांधून सुरतच्या बसमध्ये बसलो. विसरवाडीला बस चहासाठी थांबली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय शे टोपलीमा?"

"ससा."

"रस्सा करशात का?"

"नाही हो. ऑपरेशनला नेतोय. नसबंदी."

 नवापूरला उतरताना ते टोपलीकडे बघून म्हणाले, "त्यानी तुमनं काय बिघाडं, मास्तर?"



सुरतच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गुजराती बोलत होत्या. ते आम्हा नंदुरबारकरांना पाण्यासारखं कळतं, असं आम्ही समजतो. त्यांनी फॉर्म भरायला घेतला.

"नाम?"

"तापी."

"नर के मादा?"

"नर," मी शक्य तितक्या हळू म्हणालो. वेटिंगमधल्या दोन बायका तरी वळल्याच.

ऑपरेशन नीट झालं. निघताना बाई म्हणाल्या, "सर, दोढ महिनो जुदा राखजो." म्हणजे दीड महिना मादीपासून वेगळा ठेवा. पुढे त्या कारण सांगणार होत्या, पण माझी बस निघायला आली होती, आणि शिवाय कारण मला समजावून सांगण्याची गरज काय? मी म्हणालो, "कळलं, मॅडम. माझा विषयच आहे तो."

दुसऱ्या दिवशी तापी काही खाईना. लसूणघास पुढे ठेवला, तोंड फिरवलं. गाजर ठेवलं, बघितलंसुद्धा नाही. सशाचं पोट दिवसभर रिकामं राहिलं तर जिवावर बेततं, एवढं बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी फोन केला. त्यांनी दुखण्याच्या औषधाचे थेंब वाढवायला सांगितले आणि सुई नसलेल्या सिरिंजनं पातळ पेज पाजायला सांगितली. मी पाजली. त्यातली निम्मी माझ्या बाहीत गेली आणि उरलेली त्यानं नाकानं बाहेर टाकली.

ईश्वरी शाळेत गेलीच नाही. खोक्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. दुपारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो चांगला होता, पप्पा. तुम्ही उगाच नेलं त्याला."

तापीचे कान गार लागत होते. वर्गात मी सशाची पचनसंस्था फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटून काढता येईल. ती आतून चालू कशी करायची, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. पोर रडत नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

आई एवढा वेळ दारात बसून कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "त्याले तिनाबिगर करमत नई. तिनाजोडे ठेव त्याले."

"वेगळं ठेवायला सांगितलंय ना?" सुनंदा म्हणाली.

तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. घरात विज्ञानाचा शब्द अखेरचा असतो. मी चष्मा पुसला.

"ते टाक्यांसाठी सांगितलंय. आपण लक्ष ठेवू, उड्या मारू देणार नाही. बाकी कारखानाच बंद झालाय, आता माल कुठून येणार?"

तापीला गोमाईजवळ ठेवलं. तिनं त्याचा कान चाटला, मग डोकं चाटलं, मग त्याच्या अंगाला अंग लावून बसली. दहा-पंधरा मिनिटांनी आईनं कोथिंबिरीची काडी पुढे केली आणि तापीचं नाक हललं. मग तोंड हललं. मग ती काडी हळूहळू आत गेली. ईश्वरी तेव्हा रडली.

त्या दिवशी घरात माझं फार कौतुक झालं. सुनंदानं न मागता भजी तळली. आई म्हणाली, "आते व्हयना तू खरा मास्तर." त्या दोघांना वेगळं करायचं कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

महिन्यानं गोमाई पुन्हा केस उपटायला लागली. या वेळी मी मलम आणलं नाही.

चार पिल्लं झाली. मी पुस्तक काढून उभ्या उभ्या वाचलं. कारखाना बंद झाला तरी गोदामात तयार माल असतो आणि तो संपायला काही आठवडे लागतात. दीड महिना वेगळं ठेवायचं ते यासाठीच.

मी सुरतला फोन लावला आणि घडलं ते सगळं, कारखान्यासकट, सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, घरमां बीजुं कोई छे? फोन एमने आपो."

घरात दुसरं कुणी असेल तर फोन त्यांच्याकडे द्यायचा होता. मी तो आईला दिला. तिनं दोनदा "हा, हा" केलं, फोन ठेवला आणि त्याच तासाला तापीला उचलून ओट्यावरच्या पिंजऱ्यात नेलं. पुढे गोमाईचंही ऑपरेशन झालं. तेव्हा सुरतला आई आणि सुनंदा गेल्या. मला घरी पिल्लांवर लक्ष ठेवायला बसवलं होतं, आणि जाताना सुनंदा ईश्वरीला सांगून गेली की पप्पांवर लक्ष ठेव.