तीन आणि चार नंबरची लीड

माझी शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या एका वर्कशॉपमध्ये होती. हुद्दा नायब सुभेदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. मागच्या शेडमध्ये एक उघडी पेट्रोल जीप होती. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, सगळं जुन्या पद्धतीचं. वर्कशॉपमधल्या निम्म्या जवानांपेक्षा तिचं वय जास्त होतं. परेडच्या वेळी मोठे अधिकारी तिच्यात उभे राहून तुकड्यांचं निरीक्षण करत, तेवढ्यासाठीच ती ठेवली होती. माझा हवालदार सुरेंदर तिला बुढिया म्हणायचा. सुरेंदर पानिपतचा. मी काही चुकलो की तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "साहब, मराठे हमारे यहां पहले भी फंसे थे."

जीप चालवायचा नायक दशरथ सोनकांबळे. लातूरकडचा, इन्फंट्रीचा ड्रायव्हर, दोन वर्षांच्या अटॅचमेंटवर दिल्लीत आलेला. त्याची पलटण पूर्वेच्या सीमेवर जाणार होती आणि त्याला पलटणीबरोबर जायचं होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याची मूव्हमेंट ऑर्डर आली होती. तिकडे त्याची हवालदारकी ठरलेली होती. फौजेत चौकशी चालू असलेला माणूस जागेवरून हलत नाही, आणि कंडक्ट शीटवर लाल शाईची नोंद पडली तर बढती विसरायची.

मी वर्ध्याकडचा. आम्ही दोघं एकाच समाजाचे. पहिल्या दिवशी आजूबाजूला कोणी नाही हे बघून तो हळू आवाजात "जय भीम, साहेब" म्हणाला होता. मी "जय हिंद" म्हणालो. ड्युटीवर तेच उत्तर बरोबर होतं. पण मी ते का दिलं हे मला माहीत होतं, आणि बहुधा त्यालाही. आपल्या माणसाला सांभाळतो असं माझ्याबद्दल कोणी बोलू नये, याची मी नोकरीभर काळजी घेतली.

जानेवारीचा तिसरा आठवडा. परेडची पहिली रिहर्सल सकाळी ०७१० वाजता सुरू झाली. धुकं इतकं की मैदानाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. जीपमध्ये जनरलसाहेबांच्या जागी आमचे मेजरसाहेब उभे होते. जीप पहिल्या तुकडीसमोर आली आणि फट्कन आवाज झाला. पुढच्या रांगेतले तीन जवान जमिनीवर आडवे झाले. ते महिन्यापूर्वीच काश्मीरमधून उतरले होते. माझ्या शेजारच्या जवानाचा रेडिओ सेट बोलू लागला.

"कंट्रोल, गेट टू. फायर की आवाज. ओव्हर."

"गेट टू, कंट्रोल. स्टँड टू. कोई हिलेगा नहीं. ओव्हर."

मी हात वर करून जीपकडे धावलो. "गाडी है. गाडी का आवाज है."

आडवे झालेले तिघं उठून रांगेत उभे राहिले. त्यांच्या गणवेशाला माती लागली होती. कोणी हसलं नाही. मेजरसाहेब खाली उतरले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहब, फायनल में ये हुआ तो समझ लीजिए. चार दिन हैं."

ज्यांना जुन्या गाड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. असा फटका दोन ठिकाणांहून येतो. सायलेन्सरमधून आला तर न जळलेलं पेट्रोल बाहेर जाऊन पेटलेलं असतं. कार्ब्युरेटरमधून, म्हणजे बॉनेटखालून आला, तर सिलिंडरमधली आग उलटी मागे आलेली असते. आमचा फटका बॉनेटखालून आला होता. त्याची नेहमीची कारणं चार-पाच: टायमिंग चुकलेलं, व्हॉल्व्ह नीट बंद न होणं, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा घुसणं, पेट्रोल कमी पोचणं किंवा खराब पेट्रोल.

त्या दिवशी ०९३० ते १६०० मी आणि सुरेंदरने सगळं तपासलं. टायमिंग लाइट लावला. पॉइंटचं अंतर मोजलं. चारही प्लग काढून त्यांचा रंग पाहिला. गॅस्केटवर साबणाचं पाणी सोडलं. जेट साफ केले. दुपारभर इंजिन एका सुरात चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी ०६४० वाजता दशरथने जीप बाहेर काढली आणि पुन्हा तीन फटके बसले. दहा वाजता मी स्वतः चालवली तेव्हा काहीच नाही.

"बुढिया आपसे डरती है, साहब," सुरेंदर म्हणाला. "सुबह सुबह दशरथ से लडती है."

तो थट्टा करत होता. मी मात्र ते वाक्य धरून बसलो. सकाळी गाडीला हात फक्त दशरथचा लागत होता. पेट्रोल तोच भरत होता. थोडं पेट्रोल बाहेर विकून त्याजागी रॉकेल मिसळलेलं असेल तर थंड इंजिनमध्ये त्याची नीट वाफ होत नाही, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि फटका बसतो. इंजिन तापलं की ते खपून जातं. सगळं जुळत होतं. मला ते जुळायला हवं होतं, हे आता लिहिताना दिसतं.

पेट्रोलची एक साधी परीक्षा आहे. पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल उडून जातं, रॉकेल डाग ठेवतं. मी टाकीतून नमुना काढला, कागदावर थेंब टाकला आणि कागद खिडकीशी धरला. थेंब वाळला आणि कडेला एक पुसट डाग राहिला.

मी दशरथला बोलावलं.

"जेरीकॅन कुठून भरतोस?"

"डेपोतून, साहेब."

"मधे कुठे थांबतोस?"

"नाही, साहेब."

"कोणाला देतोस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, हे तुम्ही मला विचारताय?"

"उत्तर दे."

"नाही, साहेब. कोणाला देत नाही."

१५३० वाजता मी मेजरसाहेबांना लेखी बयान दिलं. बयान पाच ओळींचं होतं. पेट्रोलमध्ये भेसळीचा संशय, नमुन्याचा डाग, सकाळी गाडी फक्त नायक सोनकांबळे हाताळतो. मेजरसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "आपकी तरफ का लडका है ना?" त्यांनी विचारलं. "इसीलिए लिखकर दे रहा हूं, साब," मी म्हणालो. चौकशी परवा सकाळी १००० वाजता ठरली. दशरथची मूव्हमेंट ऑर्डर फाइलमध्ये थांबली.

तिसऱ्या दिवशी मी टाकी रिकामी करवली, माझ्यासमोर डेपोतून भरलेल्या जेरीकॅनला तार आणि शिशाचं सील लावलं आणि ते शेडमध्ये ठेवलं. सील तुटलं तर चोर सापडला, असा हिशेब. चौकशीच्या सकाळी ०५४५ वाजता मी टायरच्या थप्पीमागे जाऊन उभा राहिलो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी माझ्याच माणसावर असा लपून नजर ठेवली नव्हती.

०६०५ ला दशरथ आला. शेडचा दिवा लावला. जीपवरचं दव कापडाने पुसलं. जेरीकॅनचं सील दिव्याखाली नेऊन बघितलं, ते शाबूत आहे याची खात्री केली आणि मगच तार तोडली. पेट्रोल टाकीत ओतलं. इंजिन चालू केलं. दोन मिनिटं गेली आणि फट्कन फटका बसला.

इंजिन चालूच होतं. तो वळला नाही. "साहेब, बाहेर या. तिथं गारठा फार आहे."

मी बाहेर आलो.

"पेट्रोल तुमचं, सील तुमचं," तो म्हणाला. "आता?"

"आता माहीत नाही."

त्याने बॉनेट उघडलं. "मला इथं कधीकधी निळं काहीतरी दिसतं. दिवा लावायच्या आधी. त्या वायरींपाशी."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पेट्रोलचं विचारलं, साहेब. वायरींचं नाही विचारलं."

दिवा घालवला तरी बाहेरच्या खांबाचा उजेड आत येत होता. दशरथने गार्डरूममधून एक ब्लँकेट आणलं. पंख्यापासून लांब धरून आम्ही ते उघड्या इंजिनवर ताणलं आणि दोघांनी डोकी आत घातली. आत काळोख, पेट्रोलचा वास आणि इंजिनची ऊब. डोळे सरावायला अर्धं मिनिट लागलं. मग दिसलं. डिस्ट्रिब्युटरपासून प्लगकडे जाणाऱ्या चार जाड वायरी, आम्ही त्यांना लीड म्हणतो. त्यातल्या तीन नंबरवरून चार नंबरवर एक बारीक निळी रेघ सरकत होती. थांबत होती, पुन्हा सरकत होती. चौथ्यांदा सरकली आणि आमच्या हनुवटीखाली फटका बसला.

त्या इंजिनमध्ये तीन नंबरनंतर लगेच चार नंबरची पाळी असते. तीनमध्ये ठिणगी पडते तेव्हा चारमध्ये मिश्रण अजून भरत असतं आणि त्याचा व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो. त्या क्षणी वीज चुकून चारकडे गेली की आग उलटी कार्ब्युरेटरकडे येते. लीड जुन्या होत्या, रबर चिरलेलं होतं. पहाटेच्या दवात वीज बाहेर झिरपायची आणि इंजिनच्या उष्णतेने ओल वाळली की थांबायची. तरीही लीड एकमेकींपासून लांब असत्या तर काही झालं नसतं. त्या लांब नव्हत्या. चारही लीड अगदी एका ओळीत, अंगाला अंग लावून, पाच ठिकाणी काळ्या टेपने बांधलेल्या होत्या.

त्या मी बांधल्या होत्या. डिसेंबरच्या वार्षिक इन्स्पेक्शनआधी, स्वतःच्या हाताने, बॉनेट उघडल्यावर छान दिसावं म्हणून. इन्स्पेक्शन करणाऱ्या कर्नलसाहेबांनी शाबासकीही दिली होती.

मी चाकूने टेप कापली आणि लीड सुट्या केल्या. इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. एकही फटका आला नाही. दशरथ मडगार्डला टेकून उभा होता.

"साहेब, एक बोलू?"

"बोल."

"माझ्या जागी सुरेंदर असता, तर तुम्ही आधी इंजिन पुरतं बघितलं असतं."

"हो."

"मी आपला, म्हणून आधी मला बघितलं."

"हो," मी म्हणालो.

०९२० ला मी मेजरसाहेबांच्या ऑफिसात गेलो आणि बयान परत मागितलं.

"बदलेंगे तो सवाल आप पे आएगा, साहब."

"सवाल मुझ पे ही है, साब. टेप मैंने बांधी थी."

"और वो कागज का दाग?"

ते कोडं मलाही सुटलं नव्हतं. त्यांनी क्लार्कला नवा कागद आणायला सांगितलं. उरलेल्या नमुन्याचा थेंब क्लार्कने टाकला. थेंब उडून गेला, कागद कोरा राहिला. मेजरसाहेबांनी माझा जुना कागद उजेडात धरला. डागाला बारीक रेषा होत्या. तो ग्रीस लागलेल्या अंगठ्याचा ठसा होता. माझ्या अंगठ्याचा.

त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. मग माझं पहिलं बयान त्यांनी फाइलमधून काढलं, दुसरं लावलं आणि दशरथची मूव्हमेंट ऑर्डर सही करून पुढे पाठवली. मला लेखी ताकीद मिळाली. सुभेदारीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव आलं नाही. ते योग्यच होतं.

निघायच्या दिवशी दशरथ शेडमध्ये आला. "टेप उरली असेल तर द्या, साहेब. ट्रंकेचं कुलूप गेलंय."

"सगळी गुंडाळी घेऊन जा."

"ट्रंकेला चालते टेप," तो म्हणाला. "ट्रंक फटका मारत नाही." सुरेंदर मोठ्याने हसला. मलाही हसू आलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दशरथ पलटणीत पोचला. मे महिन्यात हवालदार झाला.

ऑगस्टमध्ये तो रेशनची गाडी घेऊन वरच्या पोस्टकडे जात होता. समोर दरड आली. त्याने सोबतच्या दोघांना खाली उतरवलं आणि एकटा गाडी मागे घेऊ लागला. रस्त्याची कड सुटली. मला सुरेंदरचा फोन आला. "साहब, अपना दशरथ नहीं रहा." त्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो आणि जीपचं बॉनेट उघडून काहीही न करता उभा राहिलो.

याला आता आठ वर्षं झाली. मी निवृत्त झालो, मुलगा दिल्लीत नोकरीला म्हणून मयूर विहारमध्ये राहतो आणि बहुतेक वेळ वाचतो. दशरथची मुलगी प्रज्ञा गेल्या वर्षी इतिहासात एम.ए. करायला दिल्लीत आली. मुनिरकाला खोली घेऊन राहते. आईने दिलेला माझा नंबर तिच्याकडे होता. एका रविवारी ती जेवायला आली.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "काका, आई सांगते, दिल्लीत एका साहेबांनी बाबांचं नाव वाचवलं. ते तुम्हीच ना?"

म्हणजे त्याने घरी निम्मंच सांगितलं होतं. उरलेलं निम्मं मी तिला सांगितलं. कागद, बयान, टायरची थप्पी, टेप. आणि मी "जय हिंद" म्हणालो होतो तेही. पाऊण तास लागला. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"बिल्कुल बाबाच," ती शेवटी म्हणाली. "कोणाची तक्रार घरात आणायचे नाहीत." मग तिने विचारलं, "नोंद पडली असती, तर ते दिल्लीतच राहिले असते?"

"त्या वर्षी तरी राहिला असता."

"म्हणजे तुम्ही खरं बोललात, म्हणून बाबा गेले."

पलटणीबरोबर जाणं आणि जगातून जाणं, मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे. तिने तो कोणत्या अर्थाने वापरला ते मी विचारलं नाही. मी "हो" म्हणालो.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी तिला मेट्रोपर्यंत सोडायला गेलो. वाटेत तिने विचारलं, बाबा गाडी कशी चालवायचे. मी तिला सांगितलं की परेडवर जीप पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या चालीने न्यावी लागते. मागे उभा असलेला अधिकारी एका हाताने समोरची दांडी धरून असतो, आणि धक्का बसेल अशी भीती वाटली तर सॅल्यूट करतानाही त्याची पकड सुटत नाही, हात घट्ट, खांदा वाकडा. हवालदार दशरथ सोनकांबळेच्या गाडीत मी अधिकाऱ्यांना दांडी सोडून सरळ उभं राहिलेलं पाहिलं आहे.