नाताळचं द्राक्षासव

नाताळच्या सुट्टीत मला तीन पेयं लागतात, आणि ती कुठली हे आमच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. पहिली रम. गरम पाणी, दोन लवंगा, लिंबाची फोड आणि अंगावर शाल. भोपाळच्या डिसेंबरात सकाळी साडेसातला शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभं राहणाऱ्या बाईला ही रम शाळेनेच द्यायला हवी, असं माझं प्रामाणिक मत आहे. दुसरं पेय म्हणजे नवऱ्याच्या व्हिस्कीतला एक घोट. "बघू, कशी आहे" म्हणत मी तो दर वर्षी घेते आणि दर वर्षी तोंड वाकडं करते. तिसरी, समोरच्या क्वार्टरमधल्या आंटींची वाइन. पहिल्या दोन नाही मिळाल्या तरी चालेल. तिसरीवाचून माझा नाताळ होत नाही.

आम्ही पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहतो. नवरा कारखान्यात इंजिनिअर, मी शाळेत शिकवते, आणि घर चालतं ते सासूबाईंच्या मर्जीने. सासूबाई मूळच्या उज्जैनच्या, वैद्यांच्या घरातल्या. रम, व्हिस्की, वाइन, बिअर असले बारीक भेद त्यांच्याकडे नाहीत. सगळी दारू, आणि दारू या घरात येणार नाही. त्यामुळे नवऱ्याची बाटली हिवाळाभर बंद कूलरच्या पोटात असते. पन्नाशीला आलेला माणूस रात्री जेवणाआधी कूलर दुरुस्त करायला गॅलरीत जातो, तेव्हा मला हसू आवरत नाही.

आंटींच्या घरी मात्र सगळं राजरोस. त्या केरळच्या, टाउनशिपच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. सासूबाईंसकट सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते. वाइन बनवायचे ते त्यांचे यजमान. ते काळ्या द्राक्षांची बरणी नोव्हेंबरात भरायचे, रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की हात धुऊन लाकडी डावाने ढवळायचे, आणि पंचवीस तारखेला दुपारी आमच्या क्वार्टरांची सगळी लाइन त्यांच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसून छोट्या काचेच्या ग्लासातून ती प्यायची. गोड, गडद, घशाखाली उतरताना जराशी लवंग लागणारी. सहा वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून आंटी त्यांच्याच हातच्या कागदावरून वाइन बनवतात.

यंदा आंटी निवृत्त झाल्या. डिसेंबरअखेर क्वार्टर रिकामं करून मुलाकडे कोचीला जायचं ठरलं. आणि नोव्हेंबर संपत आला असताना त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडून घेतलं. मुलगा विमानाने आला, महिनाभर तरी चला म्हणाला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. हात प्लास्टरमध्ये, समोर टेबलावर द्राक्षांच्या पेट्या. बाजारातला फळवाला दर वर्षी त्यांच्यासाठी हंगामाच्या आधीची काळी द्राक्षं कुठून कुठून मिळवून ठेवायचा.

"बेटा, इस घर में ये आखिरी क्रिसमस है," त्या म्हणाल्या. "मैं चौबीस को वापस आऊँगी, कुछ भी हो. लेकिन वाइन चाहिए. उनकी वाली. बिल्कुल वैसी ही."

माझ्या हातचं दहीसुद्धा धड लागत नाही. तरी मी "हो" म्हणाले. नाही म्हणून कसं चालणार होतं! त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. द्राक्षं धुऊन एकेक पुसायची, पाण्याचा थेंब राहता कामा नये. साखर, मूठभर गहू, लवंग, दालचिनी, चमचाभर यीस्ट. फडकं बांधायचं, झाकण घट्ट लावायचं नाही. रोज एकदा ढवळायचं. शेवटी मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, आणखी काहीही घालू नये.

आंटींचं क्वार्टर बंद राहणार, म्हणून बरणी आमच्याकडे आली. चिनीमातीची, दोन माणसांनी उचलावी एवढी. ती काही कूलरच्या पोटात मावणारी नव्हती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून मी वर जुनी चादर टाकली. दुसऱ्याच दिवशी शाळेतून आले तर चादर घडी करून बाजूला ठेवलेली आणि सासूबाई बरणीजवळ स्टूल टाकून बसलेल्या.

"हे काय गं?"

मी आयुष्यात इतक्या झटकन खोटं बोललेली नाही. "द्राक्षासव, आई. सिस्टरसाठी. हात मोडलाय ना त्यांचा, ताकद यायला."

सासूबाईंचा चेहरा उजळला. लहानपणी त्यांच्या वडिलांकडे आसवं घरीच मुरायची. जमिनीत पुरलेले माठ, बोटांना लागलेला वास, सगळं त्यांनी मला त्या दुपारी सांगितलं. मग म्हणाल्या, "तू सकाळी सातला जातेस. ढवळायचं माझ्याकडे लागलं." मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना नमस्कार करायचीच राहिले होते. आपण किती हुशार, असं नवऱ्याला दोनदा ऐकवलंसुद्धा.

पुढचे तीन आठवडे मजेत गेले. आंटी दर रविवारी कोचीहून व्हिडिओ कॉल करायच्या आणि मी फोन बरणीवर धरायचे. "फोम अच्छा है," त्या खूश होऊन म्हणायच्या. "बहुत अच्छा है. मेरा कभी इतना नहीं आया." एकदा फोनमध्ये सासूबाईंचा बांगड्या घातलेला हात डाव फिरवताना दिसला. "वो कौन?" आंटींनी विचारलं. "आई मदत करतायत," मी म्हणाले आणि घाईने विषय त्यांच्या प्लास्टरवर नेला.

घरातही फरक दिसत होता. सासूबाई दोन्ही जेवणांनंतर "तयार होतंय का बघायला हवं" म्हणून दोन चमचे चाखत होत्या. चमचे पुढे मोठे होत गेले. त्यांना दुपारी छान झोप लागायला लागली. गुडघ्यांची तक्रार थांबली. एका संध्याकाळी त्या भाजी निवडताना चक्क गाणं म्हणत होत्या, आणि नवऱ्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाने नीतिमत्तेच्या गोष्टी करू नयेत.

तेवीस तारखेला शाळेला सुट्टी लागली आणि मी वाइन गाळायला बसले. फडकं सोडलं, डाव आत घातला, तर काहीतरी जड लागलं. बाहेर काढलं. मलमलची पुरचुंडी, मुठीएवढी, दोऱ्याने बांधलेली. मागोमाग तपकिरी, भिजलेली, बारीक फुलं वर आली.

"आई, हे काय?"

"धायटीची फुलं," सासूबाई सहज म्हणाल्या. "त्याशिवाय आसव उकळतं कसं? तुला काही ठाऊक नाही म्हणून मीच मागवली अशोका गार्डन भागातल्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून. आणि पुरचुंडीत सुंठ, पिंपळी, मिरे. अश्वगंधा जरा सढळ घातलीय. हाडाला चांगली."

मी खाली बसकण मारली. चमचाभर तोंडात घेतली. आधी गोड लागली, मग तिखट, मग कडू, आणि त्या कडूमागून तबेल्यासारखा एक वास वर आला. आंटींच्या यजमानांची वाइन त्यात कुठेही नव्हती. मला रडूच आलं. एक साधं काम दिलं होतं त्या बाईने मला. तिच्या घरातला शेवटचा नाताळ, नवऱ्याच्या हातची चव, आणि मी माझी कातडी वाचवायला थाप मारून त्याचा काढा करून टाकला होता.

गॅलरीत नवऱ्याने तोडगा सुचवला. दुकानातून गोडसर पोर्ट आणायची, आंटींच्या बाटल्यांमध्ये भरायची. "कुणाला कळणार आहे?" मी अर्धा तास विचार केला, हे कबूल करते. पण थाप मारूनच इथवर आले होते. आणखी एक थाप आंटींच्या ग्लासात ओतायचं धाडस मला झालं नाही. जे होतं ते गाळून बाटल्यांत भरलं आणि ठरवलं, चोवीसला त्या आल्या की आधी सांगून टाकायचं.

धुक्यामुळे गाडी सोळा तास उशिरा आली. आंटी पंचवीसच्या सकाळी दहाला घरी पोचल्या, आणि बारा वाजता सगळी लाइन दारात. घरात खोकी भरलेली, पडदे काढलेले, भिंतीवर उतरवलेल्या फोटोंचे चौकोन. फक्त नाताळचा तारा तेवढा दारावर लागला होता. मला एकटीने बोलायला मिळेचना. त्यात सासूबाई ठेवणीतली साडी नेसून तयार. "आसव मी केलंय, त्या घेणार कसं ते मी नको सांगायला?" बारा वर्षांत त्या आंटींच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. त्यांच्याकडे मटण शिजतं म्हणून दारातूनच बोलायच्या. आज थेट आत जाऊन खुर्चीवर बसल्या.

ग्लास भरले गेले. आंटींनी डाव्या हाताने पहिला घोट घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते, रिवाजच होता तसा. आंटी थांबल्या. भुवया वर गेल्या. दुसरा घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला.

"इसमें क्या डाला है?"

"अश्वगंधा," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "आपके हाथ के लिए. सुबह-शाम लीजिए, पंद्रह दिन में हड्डी पक्की."

तेवढ्यात कोपऱ्यातले एक फोरमन ग्लास उंचावून म्हणाले, "अम्माजी, आपने वाइन जोरदार बनाई! सीधी सिर में जा रही है."

"वाइन?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. कागद, सिस्टरचे यजमान, माझी थाप. मराठीत सांगितलं, पण भोपाळात तेवढं मराठी सगळ्यांनाच कळतं.

"मला काय अडाणी समजलीस?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "आसवात मद्य असतं हे वैद्याच्या मुलीला तू शिकवणार? रागावले असते, दोन दिवस बोलले नसते. पण त्यांच्या माणसाच्या हातची चीज आहे हे कळलं असतं, तर मी त्यात एक दाणा घातला नसता."

सासूबाई उठल्या, आंटींसमोर गेल्या आणि हात जोडले. "सिस्टर, मेरे से बहुत गलती हो गई."

आंटींनी त्यांचे जोडलेले हात आपल्या एका हाताने धरले आणि त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग पदराने तोंड झाकून, मग खुर्चीच्या पाठीला धरून. "घोड़े की बू आ रही है इसमें!" त्या म्हणाल्या, आणि मग सगळेच हसले. फोरमननी दुसरा ग्लास मागितला. कुणीतरी केक कापला. सासूबाईंनी अंडं असलेला तो केक दुरून बघितला आणि बसून राहिल्या, पण उठून गेल्या नाहीत.

मी स्वयंपाकघरात बाटली आणायला गेले तशा आंटी मागे आल्या. मी माफी मागायला लागले, त्यांनी थांबवलं.

"छह साल से मैं वही कागज देखकर बनाती हूँ," त्या हळू म्हणाल्या. "हर क्रिसमस पहला घूँट लेती हूँ और समझ जाती हूँ, नहीं, उनकी वाली नहीं बनी. हर साल उसी घूँट में वो एक बार फिर चले जाते हैं. फिर मैं इधर आकर बर्तन धोने का नाटक करती हूँ." त्यांनी मोकळ्या हाताने माझ्या गालावर थोपटलं. "आज घूँट लिया तो उनको ढूँढा ही नहीं. सीधा सामने आपकी अम्माजी दिखीं. इस घर में मैं आज पहली बार उनके बिना हँसी हूँ, बेटा."

मी एका हातात बाटली धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

"काय म्हणतायत गं सिस्टर?" सासूबाई दारात आल्या होत्या. "काही कमी पडलं का?"

"नाही आई. छान झालीय म्हणतात."

"मग तू डोळे कशाला पुसतेयस? आण इकडे." त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, ओट्यावरचा आंटींचा रिकामा ग्लास पुढे ओढला आणि पदर खोचून, एक थेंबही न सांडता, काठोकाठ वाइन ओतली.